सत्तावीस उत्तरं

१

अगं, तू आधी नुसतं ऐक. मध्ये बोलू नकोस, कारण मी एकदा थांबले की मला परत राग येतो आणि मग सगळं उलटसुलट सांगते मी.

माझी ताई नर्स आहे, माहितीये ना? अकरा वर्षं एकाच हॉस्पिटलमध्ये. घरी दुधाच्या पातेल्यावरसुद्धा तारीख लिहून चिठ्ठी चिकटवते, आई वैतागते तिच्यावर. अशी बाई.

मंगळवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी तिनं सात नंबरच्या कॉटवरच्या आजोबांना पोटॅशियमची बाटली लावली. रक्तात पोटॅशियम कमी असलं की ती लावायची. जास्त असेल तर एक थेंबही द्यायचा नाही, हृदय बंद पडू शकतं. म्हणून नियम असा, की आधी स्क्रीनवर आजचा रिपोर्ट बघायचा, आकडा वहीत उतरवायचा आणि मगच बाटलीला हात लावायचा. ताईनं बघितला. दोन पूर्णांक नऊ, म्हणजे कमी. वहीत लिहिला, बाटली लावली.

पावणेदहाला आजोबांच्या हृदयाचे ठोके बिघडले. पळापळ, आयसीयू, मशीन. सव्वादहाला मोठ्या सिस्टरनी स्क्रीन उघडला, तर तिथं आकडा पाच पूर्णांक सात. जास्त. लॅबच्या रजिस्टरमध्येही तेच, वेळ आठ पन्नास.

म्हणजे ताईनं बाटली लावायच्या वीस मिनिटं आधी लॅबनं 'जास्त' म्हणून कळवलेलं होतं.

आणि ताईच्या वहीत सोमवारचा आकडाही दोन पूर्णांक नऊच होता.

झालं! सगळ्यांनी एका क्षणात ठरवून टाकलं, हिनं स्क्रीन बघितलाच नाही, कालचा आकडा खाली उतरवला. अकरा वर्षं गेली पाण्यात. बुधवारी तिच्या हातात कागद. शुक्रवारी दुपारी तीनला चौकशी समिती. तोवर घरी बसा. दोष सिद्ध झाला तर नोकरी तर जाणारच, नर्स म्हणून नोंदणीसुद्धा रद्द.

घरी आली, चपला काढल्या, त्या सरळ लावल्या आणि म्हणाली, "मी बघितला होता गं. आजची तारीख होती वर. मी बघितला होता."

आणि मग पहिल्यांदाच म्हणाली, "बघितला होता ना मी?"

२

आता मी कुठं येते यात? मी त्याच हॉस्पिटलमध्ये, तळमजल्यावर कॉम्प्युटर विभागात. आठ महिने झाले. माझं काम म्हणजे वॉर्डातून फोन यायचा, "मॅडम, स्क्रीन हळू चाललाय," ते मी स्क्रीनचा प्रोग्रॅम बनवणाऱ्या कंपनीला कळवायचं, कंपनीच्या मेलना उत्तरं द्यायची. गेल्या महिन्यात स्क्रीन एकदम भरभर चालायला लागले तर प्रशासकांनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली होती मला. मी उगाच फुगून फिरत होते दोन दिवस.

बुधवारी दुपारी प्रशासकांनी मलाच पाठवलं रेकॉर्ड रूममध्ये. ताईची नोकरीची फाइल आण म्हणे. म्हणजे जुन्या चुका शोधायला! तिच्या सख्ख्या बहिणीलाच! लाज नाही वाटत लोकांना.

रेकॉर्ड रूममध्ये भिंगबाई बसतात. डोळ्यांवर जाड चष्मा, वर हातात भिंग, म्हणून सगळे तसं म्हणतात. निवृत्तीला सहा महिने उरलेत. त्यांनी फाइल काढली, माझ्या हातात दिली नाही, स्वतःच चाळली.

"अकरा वर्षांत एक मेमो नाही," त्या म्हणाल्या. "आणि अचानक मंगळवारी ही आळशी झाली?"

मी रडायलाच लागले. सगळं सांगितलं.

"रडून झालं की मला सांग," भिंगबाई म्हणाल्या, "वॉर्ड लॅबला विचारतो कसा? थेट?"

"नाही. मध्ये एक प्रोग्रॅम आहे. कंपनीचा. आम्ही त्याला मधला म्हणतो. वॉर्डनं मधल्याला विचारायचं, अमक्या पेशंटचा रिपोर्ट दे. कुठल्या विभागाकडून आणायचा ते मधला बघतो. तो लॅबला विचारतो, उत्तर आणून वॉर्डला देतो. वॉर्डला लॅब दिसत नाही, लॅबला वॉर्ड दिसत नाही. दोघांना फक्त मधला."

"मग नर्सची चौकशी झाली, लॅबची झाली. मधल्याला कोणी विचारलं?"

खरंच, कोणी म्हणजे कोणीच विचारलं नव्हतं!

भिंगबाईंनी चष्मा पुसला. "पोरी, मी इथं यायच्या आधी पंधरा वर्षं या हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर होते. मधे बसणारा माणूस काय काय करू शकतो, ते मला विचार."

३

आधी आम्ही गेलो लॅबकाकांकडे. समितीच्या डोक्यात दुसरे संशयित तेच, त्यामुळे बिचारे धसकलेले.

"मी आठ पन्नासला आकडा भरला," ते दारातूनच सुरू झाले. "हे बघा रजिस्टर. पाच पूर्णांक सात. मागून बदललेलं नाही, हवं तर शाई तपासा!"

"शाई राहू द्या हो," भिंगबाई म्हणाल्या. "नऊच्या सुमारास काय चालू असतं इथं?"

"दंगल! सगळे वॉर्ड एकदम राउंडला निघतात, सगळे एकदम विचारतात. आमचं मशीन धापा टाकतं. पूर्वी वॉर्डातून फोनवर शिव्या यायच्या, अहो रिपोर्ट कुठाय म्हणून. हल्ली बंद झाल्यात."

"हल्ली म्हणजे?"

"महिना झाला असेल."

"मशीन नवं आलं का तुमच्याकडे?"

"नवं? आम्हाला?" काका असे हसले ना, की मलाच वाईट वाटलं. "पंखा मागितलाय मी तीन वर्षांपूर्वी."

बाहेर आल्यावर भिंगबाई जिन्यातच थांबल्या. "ऐकलंस? मशीन तेच. गर्दी तीच. मग वॉर्डाला उत्तरं भरभर द्यायला लागलं कोण?"

मला एकदम गेल्या महिन्यातली शाबासकी आठवली. का ते मला तेव्हा कळलं नाही. म्हणजे, कळून घ्यायचं नव्हतं बहुतेक.

४

गुरुवारी सकाळी भिंगबाईंनी वॉर्डावॉर्डात फिरून सगळ्या रिपोर्टवह्या गोळा केल्या. कशा दिल्या कोणी, विचारू नकोस. तिथं निम्म्या सिस्टर त्यांना आत्या म्हणतात. रेकॉर्ड रूमच्या टेबलावर अकरा वह्या पसरल्या आणि मला म्हणाल्या, "मंगळवार सकाळ, नऊ ते साडेनऊ. सोमवारशेजारी ठेव. जिथं आकडा दशांशासकट तोच असेल तिथं टिंब दे."

मी टिंबं देत गेले. बायकांच्या वॉर्डात साखर, काल एकशे त्र्याऐंशी, आज एकशे त्र्याऐंशी. वरच्या मजल्यावर हिमोग्लोबिन, तेच. लहान मुलांच्या वॉर्डात, तेच. रक्तातले आकडे असे जिथल्या तिथं राहत नाहीत गं, थोडे तरी हलतातच.

मोजले. सत्तावीस.

"सहा वॉर्ड, नऊ नर्स," भिंगबाई म्हणाल्या. "नऊही जणींनी एकाच सकाळी ठरवून कालचे आकडे उतरवले? कट केला होता का बायकांनी?"

मग त्यांनी भिंग घेऊन एका ओळीवर ठेवलं. तीन नंबरचा पेशंट, मंगळवारी पहाटेच दाखल झालेला. नऊ बाराला सिस्टरनं त्याच्यापुढं लिहिलं होतं, 'स्क्रीनवर थांबा'. नऊ सव्वीसला आकडा. अशा चार ओळी निघाल्या. चारही पेशंट नवे.

"बघ हं. ज्याला काल होता, त्याला उत्तर लगेच. ज्याला काल नव्हता, त्याला थांबा. म्हणजे उत्तर देणाऱ्याजवळ काय होतं?"

"काल," मी म्हणाले. आणि लगेच भांडलेच.

"पण आजची तारीख होती स्क्रीनवर! ताई शपथेवर सांगते."

"कालचं पत्र आजच्या पाकिटात घातलं तर शिक्का आजचाच बसतो. तुमच्या स्क्रीनवर तपासणीची वेळ दिसते की उत्तर पोचल्याची?"

मी धावत खाली गेले, बघितलं. पोचल्याची. फक्त पोचल्याची! लॅबच्या कागदावर दोन वेळा असतात, नमुना घेतल्याची आणि तपासल्याची. मधला त्या दोन्ही गाळून स्वतःची लावतो.

मग मी अजून एक केलं. मंगळवारी नऊ ते साडेनऊ मधल्यानं वॉर्डांना किती उत्तरं पोचवली, ते कंपनीच्या अहवालात होतं. चौसष्ट. हिरव्या रंगात, शंभर टक्के यशस्वी. आणि लॅबच्या मशीनमध्ये बघितलं, त्याच अर्ध्या तासात त्यानं किती उत्तरं पाठवली. सदतीस.

चौसष्टातून सदतीस गेले. कर तूच वजाबाकी.

५

कंपनीच्या माणसाला आम्ही पूलसाहेब म्हणतो, कारण काहीही विचारलं तरी तो म्हणतो, "आम्ही फक्त पूल आहोत." गुरुवारी दुपारी तो आला. इस्त्री इतकी कडक की बसताना शर्ट वाजला.

भिंगबाईंनी सगळं मांडलं. टिंबं, नवे पेशंट, सत्तावीस आणि परत सत्तावीस. तो मान डोलवत ऐकत होता, जसं काही आम्ही त्याला लग्नाचे फोटो दाखवतोय.

"इंटरेस्टिंग," तो म्हणाला. "पण मॅडम, आम्ही फक्त पूल आहोत. पुलावरून कोण काय नेतं, त्याला पूल काय करणार?"

"पूल स्वतः सामान बनवायला लागला तर?" भिंगबाईंनी विचारलं.

"म्हणजे?"

"मी सांगते म्हणजे काय ते. मी बोर्डावर होते तेव्हा एका वॉर्डातून फोन आला, उद्याचं ऑपरेशन किती वाजता? डॉक्टरांच्या घरी फोन लावला, कोणी उचलेना. सिस्टर ओरडतेय, लवकर सांगा. सकाळीच डॉक्टर मला म्हणाले होते, दुपारी दोन वाजता. मी सांगून टाकलं, दोन. डॉक्टरांनीच सांगितलंय, असंही म्हटलं मी. माझं उत्तर, नाव त्यांचं. त्यांनी मधल्या वेळात सकाळी आठ केलं होतं. पेशंटला सहाला नाश्ता दिला वॉर्डानं. भूल देताना उलटी झाली, थोडक्यात वाचला. ओरडा वॉर्डाच्या सिस्टरनं खाल्ला. मला कोणी विचारलंसुद्धा नाही, कारण बोर्डवाली फक्त जोडून देते ना! मी स्वतः जाऊन सांगितलं आणि बोर्ड सोडला." भिंगबाईंनी एक वही त्याच्यापुढं सरकवली. "तुमचा मधला तेच करतो. लॅबनं वेळेत उचललं नाही, की आठवणीतलं उत्तर लॅबच्या नावावर खपवतो. थांबायला लावलं तर तुमचा वेग कमी दिसतो."

पूलसाहेबाचं हसू जरा बारीक झालं. "अशी एक सुविधा आहे. 'झटपट उत्तर.' तीन सेकंदांत उत्तर नाही आलं, तर जवळ साठवलेलं द्यायचं. पण ती तुमच्याकडे चालू नाही. ग्राहकाच्या लेखी परवानगीशिवाय आम्ही काहीच चालू करत नाही. आहे का परवानगीचा कागद कोणाकडे? नाही ना? मग आकड्यांचं काय, लॅबचं जुनं मशीन मोजायला चुकलं असेल. आणि सिस्टर लोकांना कालचं उतरवायची सवय असते."

सवय असते! म्हणाला तो! नऊ जणींना एका वाक्यात खोटं पाडलं आणि बॅगेची चेन लावली!

मी ओरडणार होते. तोंड उघडलंसुद्धा होतं. आणि त्याच क्षणी मला आठवलं.

झटपट उत्तर. हे शब्द मी वाचले होते.

६

खाली आले, मेल उघडली, शोधलं. एक महिना नि चार दिवस मागं. 'स्क्रीन हळू असल्याच्या आपल्या तक्रारींनुसार झटपट उत्तर ही सुविधा सुरू करीत आहोत. मान्य असल्यास कळवावे.' खाली बारीक अक्षरात नऊ ओळी. त्या दिवशी माझ्याकडे चाळीस मेल होत्या आणि चौथ्या मजल्यावरून तिसऱ्यांदा फोन आला होता.

माझं उत्तर होतं एका शब्दाचं. 'चालेल.'

त्यावर शाबासकी मिळाली होती मला. कळतंय का तुला? महिनाभर गर्दीच्या वेळी अख्खं हॉस्पिटल कालचे आकडे बघत होतं. काल आणि आज जवळजवळ सारखेच असतात म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. आजोबांचेच तेवढे एका दिवसात उलटले.

शुक्रवारी सकाळी अकराला पूलसाहेबाचा फोन आला. आवाजात साखर. "मॅडम, आमच्याकडे शोधलं, अशी परवानगीची मेल काही दिसत नाही. तुमच्याकडेही नसेल, तर सगळ्यांनाच सोपं पडेल. तुम्ही नव्या आहात, पुढं करिअर आहे. आमच्याकडेही जागा निघत असतात. आणि काळजी नको, ती सुविधा तुमच्याकडे आता बंद आहे."

चालूच नव्हती म्हणाला होता ना काल? मग आज बंद काय केली? हे मी विचारायच्या आधीच फोन ठेवला त्यानं.

मेल फक्त माझ्याकडे. एक बटण दाबलं की संपलं. पण कागद नसेल, तर समिती सत्तावीस टिंबांना कितपत विचारणार? प्रशासक तीन दिवस एकच घोकत होते, "कागद दाखवा." कागद दाखवला, तर सात नंबरच्या आजोबांपर्यंत जाणाऱ्या रस्त्यावर माझं नाव.

ताईला फोन लावला आणि तिनं उचलायच्या आधीच ठेवून दिला. भिंगबाईंकडे गेले, मेल दाखवली. वाटलं होतं, त्या सांगतील काय करायचं ते. त्यांनी भिंग लावून तो एक शब्द वाचला आणि म्हणाल्या, "आज मी मधे पडणार नाही, पोरी. तुझं उत्तर तू दे."

तीन वाजता समितीच्या खोलीत गेले. प्रशासक, मोठे डॉक्टर, मोठ्या सिस्टर. समोर ताई, पांढऱ्या साडीत, हात मांडीवर. कोपऱ्यात पूलसाहेब. मी कागद टेबलावर ठेवला. तो तिरका पडला, ताईनंच पुढं होऊन सरळ केला. आणि सरळ करताना वाचला.

तिनं माझ्याकडे बघितलं. फक्त बघितलं.

पूलसाहेब ताडकन उठला. "बघा! परवानगी यांचीच आहे!"

"म्हणजे चालू होती," भिंगबाई दारातून म्हणाल्या. बोलावलं नव्हतं त्यांना, पण आल्या होत्या. "काल म्हणालात चालू नव्हती."

मोठ्या डॉक्टरांनी नऊ ओळी मोठ्यानं वाचल्या. सातव्या ओळीत होतं, 'उत्तरावर पोचल्याची वेळ दर्शविली जाईल.' मोठ्या सिस्टरनी ताईच्या खांद्यावर हात ठेवला. मंगळवारपासून पहिल्यांदा!

मग भिंगबाईंनी अजून एक विचारलं. "अजून किती हॉस्पिटलांत हे झटपट चालू आहे?"

आणि पूलसाहेब, बॅगेची चेन लावत, काय म्हणाला माहितीये? "ती माहिती ग्राहकांची खासगी आहे. आम्ही फक्त पूल आहोत."

मला उठून त्याच्या अंगावर जावंसं वाटत होतं गं. पण कोणत्या तोंडानं जाणार? मीसुद्धा मधलीच ना? वॉर्ड मला सांगायचे, मी कंपनीला सांगायचे, आणि मध्ये एक 'चालेल'.

ताई शनिवारपासून परत कामावर आहे. आजोबा शुद्धीवर आलेत, मशीन काढलं, तिलाच म्हणाले म्हणे, उशी जरा वर कर. मी घरी बसलेय, माझी चौकशी होईपर्यंत. कंपनीचा करार तसाच आहे, तिथं नुसतं एक पत्र गेलंय, खुलासा मागवणारं. खुलासा! मला कागद, ताईला कागद आणि त्यांना खुलासा!

शुक्रवारी घरी आल्यावर ताईनं आधी चपला सरळ लावल्या. मग दुधाच्या पातेल्यावर तारखेची चिठ्ठी चिकटवता चिकटवता, माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "वाचायचं गं." एवढंच. त्यानंतर दोन दिवस झाले, तिनं तो विषय काढला नाहीये. आई म्हणते, ताई तर सुटली असती नाहीतरी, टिंबं होती, तू कशाला कागद दाखवलास? सुटली असती का? मला नाही वाटत. पण मला खरंच माहीत नाही.

तू सांग. सकाळचे अकरा वाजलेत, मेल फक्त तुझ्याकडे आहे, बटणावर बोट आहे आणि फोनवर कोणीतरी गोड आवाजात म्हणतंय, सगळ्यांनाच सोपं पडेल. तू काय केलं असतंस?